वॉटर कूलिंगचा रेडिएटर गरम पाण्याने धुताना: पाणी किती गरम असावे आणि प्लग कधी लावावा?

तिसरा मजला, पुणे

नमस्कार.

नव्या संगणकाच्या वॉटर कूलिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर पाण्याने थंड ठेवण्यासाठी, मी दोन रेडिएटर घेतले आहेत. एक ३६० मिलिमीटरचा आणि एक २४० चा. दोन्हींच्या नळ्या तांब्याच्या आणि टोकाच्या टाक्या पितळी आहेत. लूप (पंप, नळ्या, रेडिएटर यांची पाणी फिरवणारी साखळी) जोडण्याआधी नवा रेडिएटर आतून गरम पाण्याने धुवून घ्यावा, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. पण पाणी किती गरम असावे, ते आत कसे ओतावे आणि या खटाटोपात हाताला किंवा रेडिएटरला काय इजा होऊ शकते, हे सांगायची वेळ आली की सगळे एका वाक्यात आटोपते घेतात. गेल्या रविवारी त्या एका वाक्याच्या भरवशावर मी काम उरकायला गेलो आणि उजवे मनगट भाजून घेतले.

घडले ते असे. पातेल्यात पाणी खळखळून उकळले, फनेलने मोठा रेडिएटर अर्ध्याहून थोडा अधिक भरला, दोन्ही तोंडांना स्टॉप प्लग (आट्यांची बुचे) घट्ट बसवले, रेडिएटर टॉवेलात गुंडाळला आणि बेसिनसमोर उभे राहून मिनिटभर जोरात हलवला. मग एक प्लग सैल करू लागलो. शेवटचा आटा सुटायच्या आतच प्लगच्या कडेने वाफ आणि पाणी फसफसून बाहेर आले व थेट मनगटावर पडले. रेडिएटर हातातून सुटला नाही हे नशीब, कारण खाली अनवाणी पाय होते.

पहिल्या खेपेचे पाणी फिकट राखाडी होते आणि त्यावर पातळ तेलकट तवंग होता. ते पांढऱ्या सुती कापडातून गाळल्यावर काळे कण, रंगाचे दोन पापुद्रे आणि मोहरीपेक्षा लहान असे डाखाचे (सोल्डरचे) तीन चकचकीत मणी मिळाले. म्हणजे धुण्याची गरज खरी आहे, याबद्दल माझी खात्री पटली. प्रोसेसरवर बसणाऱ्या वॉटर ब्लॉकच्या आतल्या खाचा मिलिमीटरच्या काही अंशाइतक्याच रुंद असतात, त्यात असा एक मणी अडकला तर काय होईल हे सांगायला नको.

लहान रेडिएटरला अजून हात लावलेला नाही. उकळते पाणी खरेच लागते का, हलवताना प्लग न लावता भागते का, आणि धुणे पुरेसे झाले हे ओळखायचे कसे, या तीन प्रश्नांवर मंचावरच्या अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

कल्हईवाला, डोंबिवली

आधी आत काय असते ते पाहू, म्हणजे पाण्याचे तापमान आपोआप ठरेल.

रेडिएटरच्या चपट्या नळ्या टाकीच्या पत्र्याला डाख देऊन जोडलेल्या असतात. डाख धातूला धरावा म्हणून आधी फ्लक्स लावावा लागतो. पूर्वी दारावर येणारा कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवत असे, आणि पांढऱ्या धुराने अंगण भरून जाई. तो नवसागर म्हणजे फ्लक्सच. कारखान्यातही फ्लक्स ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एक जात क्षारांची, म्हणजे झिंक क्लोराइड किंवा नवसागर असलेली, आणि दुसरी राळेची. जोडकाम झाल्यावर कारखान्यात रेडिएटर धुतात, परंतु अरुंद नळ्यांच्या कोपऱ्यांत काही ना काही शिल्लक राहते.

क्षारांचा फ्लक्स पाण्यात विरघळतो आणि गरम पाण्यात तो लवकर विरघळतो, इतकेच. त्यासाठी पाणी उकळते असण्याची गरज नाही. ६० ते ७० अंश सेल्सियसचे पाणी दोन-तीनदा बदलले की काम होते. हा क्षार मात्र गेलाच पाहिजे, कारण क्लोराइड आत राहिले तर ते पुढे तांबे-पितळ खात राहते आणि रंगीत कूलंटचा (लूपमध्ये फिरणाऱ्या द्रवाचा) रंगही बिघडवते.

राळेची गोष्ट वेगळी आहे. ती पाण्यात विरघळतच नाही. ७०-८० अंशांच्या आसपास ती मऊ पडते, काही भाग सुटून पाण्यावर तरंगतो, आणि पाणी आतच थंड होऊ दिले तर पुन्हा भिंतीला चिकटतो. आपल्याला दिसलेला तेलकट तवंग बहुधा राळेचा किंवा कारखान्यातल्या तेलाचा असावा. म्हणून गरम पाणी आत तासन्तास ठेवण्यात अर्थ नसतो, ते गरम असतानाच बाहेर काढले पाहिजे. अनेक जण रात्रभर भिजत घालतात आणि सकाळी थंड पाणी ओतून देतात. त्यांनी अर्धी मेहनत वाया घालवलेली असते.

डाखाचे मणी आणि धातूचा कीस यांना तापमानाशी देणेघेणे नाही. ते निघतात ते पाण्याच्या हिसक्याने. त्यामुळे हलवणे आवश्यकच आहे, पण ते वेगळ्या खेपेत आणि साध्या पाण्याने करता येते. उकळत्या पाण्याने डाख वितळेल ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. शिसे-कथलाचा नेहमीचा डाख १८३ अंशांच्या पुढे वितळू लागतो आणि बिनशिशाचा त्याच्याही पुढे.

जाता जाता एक सूचना. डाखात शिसे असू शकते, तेव्हा या कामाला वापरलेले पातेले, गाळणे आणि फनेल पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

तिसरी शिट्टी, नाशिक

धागाकर्त्यांच्या, म्हणजे तिसरा मजला यांच्या, मनगटाचे काय झाले, त्याचा हिशेब मांडून पाहिला. सदस्यांना तो कंटाळवाणा वाटला तरी पूर्ण वाचावा, कारण अपघाताचे कारण त्यातच आहे.

रेडिएटरमध्ये तांबे-पितळ मिळून सव्वा किलो धातू आहे आणि तो खोलीच्या, म्हणजे २७ अंश तापमानाला आहे असे धरू. त्यात ९० अंशांचे ३०० मिलिलिटर पाणी ओतले. तांब्याला तापायला पाण्याच्या मानाने फार थोडी उष्णता लागते, त्यामुळे दोन्ही मिळून ७३ अंशांच्या आसपास स्थिरावतात. म्हणजे पहिल्या खेपेत ‘उकळते पाणी’ प्रत्यक्षात उकळते राहतच नाही. पुण्यात तर ते मुळातच ९८ अंशांना उकळते.

आता दोन्ही तोंडे बंद केली. आत अडकलेली २७ अंशांची हवा ७३ अंशांपर्यंत तापली की तिचा दाब साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. त्यात पाण्याच्या वाफेचा दाब मिळवावा लागतो, आणि ७३ अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त असतो. बेरीज दीड वातावरणाच्या घरात जाते. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा अर्धे वातावरण अधिक. प्लग लावल्यावर पहिल्या हिसक्यासरशी पाणी आतल्या सगळ्या हवेत मिसळते आणि हा दाब काही सेकंदांत तयार होतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला धातू आधीच तापलेला असतो, पाणी ९० च्या जवळ राहते, आणि तेव्हा हा जादा दाब पाऊण-एक वातावरणापर्यंत चढू शकतो.

रेडिएटर एवढ्याने फुटत नाही. अडचण वेगळीच आहे. कुकरची शिट्टी वरच्या बाजूला असते, त्यामुळे दाब सुटताना वाफ जाते आणि पाणी खाली राहते. रेडिएटरची तोंडे टाकीच्या एका टोकाला असतात. तो आडवा किंवा तिरपा धरला की तोंडाशी पाणीच असते, आणि मागची दाबलेली हवा त्या पाण्याला पिचकारीसारखे ढकलते. धागाकर्त्यांनी प्लग सैल केला तेव्हा तोंड खालच्या अंगाला असणार, असा माझा तर्क आहे.

तेव्हा नियम एकच पाळावा. आत गरम पाणी असताना दोन्ही तोंडे एकाच वेळी कधीही बंद करू नयेत. गरम पाण्याने फक्त भरणे, थोडे डुलवणे आणि ओतणे एवढेच करावे. जोराने हलवायचे असेल तेव्हा पाणी खोलीच्या तापमानाचे असावे आणि रेडिएटरही हाताला थंड लागत असावा. तापलेल्या रेडिएटरमध्ये थंड पाणी घालून लगेच प्लग लावला तरी तेच घडते, फक्त कमी प्रमाणात.

परिचारिका, सातारा

मला संगणकातले फारसे कळत नाही, मुलगा हे उद्योग करतो म्हणून वाचत होते. भाजण्याबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे.

६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या त्वचेला साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजते, आणि ७० अंशांना जेमतेम एक सेकंद पुरतो. त्यामुळे ‘उकळते नव्हते, नुसते कडक होते’ या म्हणण्याला अर्थ नाही. भाजल्याबरोबर तो भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. घड्याळ लावून २० मिनिटे, दोन नव्हेत. अंगठी, घड्याळ, दोरा सूज येण्याआधी काढावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतले काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. चेहरा, हात, सांधा किंवा तळहाताहून मोठा भाग भाजला असेल तर दवाखान्यात जावे. धागाकर्त्यांचे मनगट सांध्यावर भाजले आहे, तेव्हा त्यांनी ते दाखवून घ्यावे.

आणखी एक पाहिलेले सांगते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून लोक निर्धास्त होतात, पण गरम पाणी मोज्याच्या तोंडातून आत शिरले तर ते तिथेच साचते आणि मोजा चटकन निघत नाही. मोजे घालायचे असतील तर ते लांब असावेत आणि पूर्ण बाह्यांचा सदरा त्यांच्यावरून खाली घ्यावा. घरातल्या लहान मुलांना त्या वेळी न्हाणीघराच्या बाहेर ठेवावे.

तिसरा मजला, पुणे

परिचारिका यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांना दाखवून आलो. फोड आहेत, पण वरवरचे आहेत. भाजल्यावर मी टूथपेस्टच लावली होती, हे येथे कबूल करतो.

तिसरी शिट्टी यांचा तर्क अगदी बरोबर आहे. पाणी बेसिनमध्येच सांडावे म्हणून मी तोंड खाली करून प्लग फिरवत होतो.

एक विचारायचे आहे. रेडिएटरच्या तोंडाला फिटिंग लावून त्यावर पाइप चढवला आणि तो सरळ गीझरच्या नळाला जोडला, तर ओतण्याची कटकटच उरणार नाही. पाणी सतत वाहत राहील आणि दुसरे तोंड उघडे असल्याने दाबही साठणार नाही. हे कोणी केले आहे का?

गच्चीवरची टाकी, ठाणे

केले आहे आणि पुन्हा करणार नाही.

इमारतीच्या गच्चीवर टाकी असते. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण १ बार, म्हणजे जवळपास एका वातावरणाइतका, दाब येतो. आपले नाव तिसरा मजला आहे आणि इमारत समजा अकरा मजल्यांची आहे, तर टाकी आपल्या नळाच्या २४ मीटर वर, म्हणजे जवळपास अडीच बार. दाब वाढवणारा पंप बसवला असेल तर आणखी. दुसरे तोंड उघडे आहे तोवर हा सगळा दाब रेडिएटरवर येत नाही हे खरे, पण पाइपला घडी पडली, तोंडावर बोट आले किंवा आतला कचरा येऊन अडकला की क्षणात येतो. गळती तपासण्यासाठी रेडिएटरमध्ये हातपंपाने हवा भरतात तेव्हासुद्धा जाणकार अर्ध्या बारच्या आसपास थांबतात, हे लक्षात घ्यावे.

माझ्या बाबतीत रेडिएटरचे काही बिघडले नाही, पाइप सुटला. पीव्हीसीचा मऊ पाइप गरम पाण्याने आणखी मऊ पडतो आणि फिटिंगवरून घसरतो. छतापर्यंत पाणी उडाले. गरम पाण्यासाठी पाइप लागलाच तर सिलिकॉनचा घ्यावा, तोही फक्त फनेलखाली वीतभर.

याशिवाय गीझरचे पाणी स्वच्छ असते हा समजही तपासून पाहावा. बोअरवेलचे पाणी येत असेल तर गीझरच्या तळाशी क्षारांचा थर असतो आणि त्याचे पापुद्रे नळातून येतात. एक कचरा काढायला जाऊन दुसरा आत भरायचा, असे होते.

रॉड लावून बादलीत पाणी तापवणाऱ्यांनी रॉड बंद करून, प्लग सॉकेटमधून काढून मगच बादलीला हात लावावा. चालू रॉडच्या बादलीत रेडिएटर बुडवणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे.

फ्रांकफुर्टकर

पाण्याच्या जडपणाबद्दल गच्चीवरची टाकी यांना दुजोरा देतो. आमच्याकडे जर्मनीतही बऱ्याच भागांत नळाचे पाणी जड असते आणि किटलीत पांढरा थर बसतो. विरघळलेला चुना पाणी तापवल्यावर बाहेर पडतो, हे त्यामागचे कारण. म्हणजे जड पाणी उकळून रेडिएटरमध्ये घातले आणि तिथेच निवू दिले, तर आपणच आत थर बसवतो. पहिल्या दोन-तीन खेपा नळाच्या पाण्याच्या चालतील, पण शेवटच्या खेपा डिस्टिल्ड पाण्याच्याच हव्यात. येथे इस्त्रीसाठी म्हणून पाच लिटरचे कॅन दुकानात सहज मिळतात. भारतात इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी मिळते तेच.

मी मात्र थोडा वेगळा मार्ग धरतो, त्यावर मत हवे आहे. सगळा लूप जोडून, रिझर्व्हॉयरमध्ये (लूपच्या टाकीत) गरम पाणी घालून, पंप चालू ठेवून तासभर फिरवतो आणि मग ओतून देतो. हाताने काही हलवावे लागत नाही.

तिसरी शिट्टी, नाशिक

फ्रांकफुर्टकर यांनी पाणी किती गरम घेतले ते लिहिलेले नाही, आणि सगळे तिथेच अडते. वॉटर कूलिंगमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा डी-५ पंप ६० अंशांपर्यंतच्या द्रवासाठी बनवलेला असतो. पीईटीजी या प्लास्टिकच्या कडक नळ्या ८० अंशांच्या सुमारास मऊ पडतात, पण फिटिंगच्या रबरी कड्यांचा ताण असेल तर त्याआधीच आकार सोडू लागतात. अ‍ॅक्रिलिकचा रिझर्व्हॉयर अचानक गरम पाणी पडल्याने तडकू शकतो. आणि सर्वांत मोठा आक्षेप असा, की रेडिएटरमधला डाखाचा मणी या पद्धतीने पहिल्याच फेरीत पंपाच्या पात्यांत किंवा ब्लॉकच्या खाचांत जाऊन बसणार. धुणे म्हणजे घाण बाहेर काढणे. येथे ती फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते.

रेडिएटर एकटा धुवावा, आणि लूप जोडल्यावर कोमट डिस्टिल्ड पाण्याची एक फेरी वाटल्यास द्यावी.

फ्रांकफुर्टकर

मान्य आहे. गेल्या वर्षी माझा ब्लॉक उघडला तेव्हा खाचांत करडा गाळ सापडला होता, आणि त्याचे खापर मी आजवर कूलंटवर फोडत होतो.

नवशिक्या, नागपूर

माझ्याकडे बंद प्रकारचा, म्हणजे कारखान्यातूनच द्रव भरून येणारा कूलर आहे. येथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि प्रोसेसर फार तापतो. त्याचा रेडिएटर उघडून गरम पाण्याने धुतला तर फरक पडेल का? दुसरे असे, की आई तांब्याची भांडी चिंचेने घासते आणि ती लखलखीत होतात. चिंचेचे गरम पाणी आत घातले तर?

कल्हईवाला, डोंबिवली

बंद कूलर उघडू नये. त्याचा रेडिएटर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आतल्या द्रवात गंज रोखणारी द्रव्ये मोजून घातलेली असतात, आणि ती ओतून नुसते पाणी भरले तर प्रोसेसरवर टेकणारी तांब्याची पाटी व अ‍ॅल्युमिनियम यांच्यात विजेचा घट तयार होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. आपल्याकडची अडचण बहुधा बाहेरच्या धुळीची आहे. पंखे काढावेत, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने पत्र्याच्या पंखांतली धूळ झटकावी, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. पाणी तेथे नको, कारण पंपाच्या डोक्यात इलेक्ट्रॉनिक भाग असतात. खोलीतच ४० अंश असतील तर कूलंट त्याच्या खाली जाणार नाही, हे कोणत्याही धुण्याने बदलत नाही.

चिंचेचा प्रश्न मला आवडला, कारण त्यामागचे तत्त्व खरे आहे. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवते. परंतु चिंचेत कोळ, धागे आणि साखरही असते, आणि ती चपट्या नळीत अडकली तर बुरशीला आयतीच मेजवानी. कोलासारखी पेये ओतणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. आम्ल वापरायचेच असेल तर एक लिटर कोमट पाण्यात दोन लहान चमचे लिंबूसत्व घ्यावे, ते १५-२० मिनिटे आत ठेवावे आणि ओतून द्यावे. जास्त वेळ ठेवल्याने जास्त स्वच्छ होत नाही. पितळातले जस्त आधी सुटू लागते. निकेल चढवलेल्या ब्लॉकमध्ये किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये हे पाणी जाता कामा नये.

आम्लानंतर साध्या पाण्याच्या दोन खेपा द्याव्यात आणि मगच खायच्या सोड्याचे पातळ पाणी घालावे. आम्ल आत असतानाच सोडा घालून प्लग लावला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि मग पाणी थंड असूनही धागाकर्त्यांसारखी पिचकारी उडेल. खरे तर नव्या रेडिएटरला आम्लाची गरज क्वचितच पडते. जुना, आतून काळवंडलेला असेल तरच हा मार्ग धरावा. राळेचा तवंग जातच नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलची एक खेप द्यावी. पण ते पूर्ण थंड रेडिएटरमध्ये, खिडक्या उघडून, आणि गॅसची शेगडी दुसऱ्या खोलीतही पेटलेली नसताना. ते अ‍ॅक्रिलिकला लागू देऊ नये.

फ्रांकफुर्टकर यांनी बॅटरीच्या पाण्याचा उल्लेख केला म्हणून सांगतो. बॅटरीच्या दुकानात पाणी आणि आम्ल दोन्ही सारख्याच कॅनमध्ये, सारखेच रंगहीन दिसते. सीलबंद आणि नाव छापलेलेच घ्यावे. सुटे भरून दिलेले घेऊ नये.

गच्चीवरची टाकी, ठाणे

धुणे पुरले की नाही, हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. माझी पद्धत अशी: शेवटच्या खेपेनंतर रेडिएटर थंड डिस्टिल्ड पाण्याने भरून रात्रभर ठेवतो आणि सकाळी टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरने, मोजतो. वॉटर प्युरिफायरवाले जो छोटा पेनासारखा मीटर वापरतात तोच. ताज्या डिस्टिल्ड पाण्याचा आकडा शून्य ते पाचच्या दरम्यान असतो. सकाळचा आकडा त्याच्या जवळपास असला तर आत विरघळण्यासारखे फारसे उरलेले नाही. तो वीस-तीसपर्यंत चढला असेल तर क्षार अजून सुटत आहेत. मीटरला राळ दिसत नाही आणि कीसही दिसत नाही, म्हणून पांढऱ्या कापडातून गाळणे सोडू नये.

तिसरा मजला, पुणे

सर्वांच्या सूचना एकत्र करून काल लहान रेडिएटर धुतला आणि मोठ्यावरही तीच कृती पुन्हा केली. ज्यांना पुढे उपयोग होईल त्यांच्यासाठी क्रमवार लिहितो.

पाणी उकळून गॅस बंद केला आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर ७० दाखवीपर्यंत थांबलो. झाकण काढून ठेवले तरी याला वाटतो त्यापेक्षा बराच वेळ लागतो. रेडिएटर न्हाणीघराच्या फरशीवर, जाड कोरड्या टॉवेलवर, दोन्ही तोंडे वर येतील असा उभा केला. टॉवेल कोरडाच हवा, हे पहिल्या दिवशी शिकलो होतो. ओल्या कापडातून चटका लगेच पोहोचतो. एका तोंडाला सिलिकॉनच्या नळीचा तुकडा व फनेल लावले आणि दुसरे उघडे सोडले. याचा फायदा लगेच दिसला: पूर्वी एकाच तोंडातून पाणी आत आणि हवा बाहेर जाताना फनेलमधून उचक्या येऊन पाणी उडत असे, ते पूर्ण थांबले.

भरल्यावर पाच मिनिटे ठेवले, रेडिएटर दोन्ही बाजूंच्या चौकटीला धरून हळूहळू डावी-उजवीकडे डुलवला, आणि तोंडे शरीरापासून दूर वळवून बादलीत ओतला. पत्र्याच्या पंखांना धरले तर ते वाकतात, म्हणून चौकटच धरावी. दुसऱ्या खेपेला धातू गरम असल्याने पाणी अधिक काळ तापलेले राहिले आणि तवंग त्याच खेपेत सर्वांत जास्त निघाला. अशा चार खेपा झाल्यावर रेडिएटर दोन तास तसाच उघडा ठेवला. हाताला पूर्ण गार लागल्यावर त्यात साधे पाणी अर्धे भरले, प्लग लावले आणि मनसोक्त हलवला. प्लग उघडताना तोंड वर आणि चेहरा बाजूला. काहीही उडाले नाही. कापडावर मोठ्या रेडिएटरमधून आणखी एक मणी मिळाला, लहानातून चक्क सात. हलवण्याच्या सहा खेपांनंतर कापड पांढरे राहू लागले.

मग दोन्हींत डिस्टिल्ड पाणी भरून रात्रभर ठेवले. कॅनमधल्या पाण्याचा आकडा २ होता. आज सकाळी मोठ्या रेडिएटरचा ५ आला आणि लहानाचा १९. कल्हईवाला यांनी आम्लाची घाई करू नये असे सुचवले आहे, त्यामुळे लहानाला आज संध्याकाळी ७० अंशांच्या आणखी दोन खेपा दिल्या आणि पुन्हा डिस्टिल्ड पाणी भरून न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभा केला आहे. पाणी गार आहे, तरी प्लग लावलेले नाहीत. मुंग्या-झुरळे आत जाऊ नयेत म्हणून तोंडांवर फडक्याचे तुकडे रबरबँडने बांधले आहेत. उद्याचा आकडा येथेच लिहीन.